नोकरी गेली तर कोणाकडे जावे? दीघजाणु सुत्ताच्या आधारे एक अभ्यास



या वेळच्या धम्मपाठाचा विषय थोडा वेगळा वाटेल. शील, समाधी, प्रज्ञा यांवर आपण नेहमी वाचतो, बोलतो. पण ज्या दिवशी नोकरी संपल्याचे पत्र हातात पडते, त्या दिवशी धम्म कामाला येतो का, हा प्रश्न आपण मोकळेपणाने विचारत नाही. कोलोन परिसरात तो आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी फोर्ड कंपनीने युरोपातील ४,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी २,९०० जर्मनीतल्या, आणि त्यातल्या बहुतेक कोलोनच्या होत्या. १४ मे २०२५ रोजी तिथल्या कामगारांनी संप केला. असा मोठा कारखाना हलला की त्याला सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि अभियांत्रिकी सेवा पुरवणाऱ्या कंपन्याही हलतात.

परदेशात नोकरी जाते तेव्हा नुसता पगार जात नाही. निवास परवाना नोकरीशी बांधलेला असतो. मुलांची शाळा, घराचे भाडे, गावाकडच्या घराचा हप्ता, आईवडिलांच्या औषधांचे पैसे, सगळे त्या एका पत्रावर येऊन ठेपते. अशा वेळी आपल्यातले बरेच जण एक गोष्ट करतात: कोणालाच सांगत नाहीत. सकाळी लॅपटॉप उघडून बसतात, रोज अर्ज पाठवतात, आणि "काय चाललंय?" असे कोणी विचारले तर "मजेत" म्हणतात. लाज हे त्याचे कारण. "शिकून, परदेशात येऊन हे झाले, आता लोक काय म्हणतील?"

या पाठाचे सांगणे एवढेच आहे: मदत मागणे ही कमजोरी नाही, तो धम्माचरणाचा भाग आहे. आणि मदत मागण्याला वेळ असते. ती वेळ पहिल्या तीन दिवसांत सुरू होते.

सुत्ताची पार्श्वभूमी

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात दीघजाणु सुत्त आहे. कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या गावी दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ तथागतांकडे आला. तो भिक्खू नव्हता. आपण मुलाबाळांत राहतो, चंदन लावतो, सोनेनाणे वापरतो, अशा माणसाला या जन्मात सुखाने राहता येईल असा उपदेश करा, अशी त्याची विनंती होती. तथागतांनी त्याला "आधी संसार सोड" असे म्हटले नाही. त्याला व्यग्घपज्ज या नावाने संबोधून त्यांनी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे उद्योगशीलता आणि आपल्या कामातले कौशल्य. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे कष्टाने मिळवलेल्याचे रक्षण. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्या माणसांची संगत. चौथी समजीविता, म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा तोल. तथागतांनी यात शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा, कारागिरी अशा उपजीविकांची नावे घेतली आहेत. म्हणजे नोकरी हा विषय धम्माच्या बाहेरचा नाही. आपण याच चार पायऱ्यांनी पुढे जाऊ.

कोलोन-डॉइट्झ स्टेशनवरचा माणूस

त्याआधी याच शहरातली एक खरी हकीकत पाहू. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोन-डॉइट्झ स्टेशनवर पोर्तुगालहून कामगारांची गाडी आली. तिच्यातल्या आर्मांदो रोद्रिगेस द सा या सुताराचे नाव पुकारले गेले. तो दहा लाखावा 'पाहुणा कामगार' ठरला होता. फुले, छायाचित्रकार, बँड आणि भेट म्हणून मोपेड, असे त्याचे स्वागत झाले. ती मोपेड आज बॉनच्या 'हाउस डेर गेशिष्टे' या इतिहास संग्रहालयात आहे.

पुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. काही वर्षांनी तो आजारी पडला आणि पोर्तुगालला परतला. जर्मनीत काम करताना त्याच्या पगारातून विम्याचे हप्ते कापले गेले होते. आजारपणात आपल्याला जर्मनीकडून भत्त्याचा हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. कष्टाची बचत उपचारांत गेली आणि १९७९ मध्ये त्याचे निधन झाले.

बँड वाजवून स्वागत झालेल्या माणसाला त्याचा हक्क सांगणारे कोणी भेटले नाही. ज्ञान नव्हते म्हणून कमावलेले गेले. आरक्खसंपदा म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणते उदाहरण सांगेल? ही गोष्ट मनात ठेवून आता पुढे वाचा.

१. उट्ठानसंपदा: वेळेवर उठणे

'उट्ठान' याचा साधा अर्थ उठणे. नोकरी गेल्याचा धक्का बसला की माणूस बसूनच राहतो. पण इथले तीन कायदेशीर काटे त्याच दिवसापासून फिरू लागतात.

तीन दिवस: नोकरी कधी संपणार हे माहीत असेल तर ती संपण्याच्या किमान तीन महिने आधी 'आगेंटूर फ्युअर आर्बाइट' या रोजगार कार्यालयात 'आर्बाइट्सुखेंड', म्हणजे काम शोधणारा, म्हणून नाव नोंदवावे लागते. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर कळल्यापासून तीन दिवसांत. ही नोंद ऑनलाइन किंवा फोनवरही होते. उशीर झाला तर एका आठवड्याचा भत्ता जाऊ शकतो. नोकरी प्रत्यक्ष संपल्यावर, बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत 'आर्बाइट्सलोस', म्हणजे बेकार, अशी दुसरी नोंद करावी लागते. या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही.

दोन आठवडे: तुमचा निवास परवाना नोकरीसाठी दिलेला असेल, ब्लू कार्ड असो वा दुसरा, तर नोकरी मुदतीआधी संपणार असे कळल्यापासून दोन आठवड्यांत 'आउसलेंडरबेहोर्डे'ला, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयाला, कळवणे बंधनकारक आहे. "कळवले तर परवाना जाईल" या भीतीने अनेक जण गप्प बसतात. कळवले म्हणून दुसऱ्या दिवशी देश सोडावा लागत नाही. नवी नोकरी शोधायला कार्यालय साधारणपणे काही महिन्यांची मुदत देते. लपवले तर मात्र पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवे येते. ज्यांना कायमचा निवास मिळाला आहे त्यांचा परवाना नोकरीवर अवलंबून नसतो.

तीन आठवडे: काढून टाकणे अन्यायाचे वाटत असेल, तर लेखी नोटीस हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. नंतर कितीही बाजू खरी असली तरी दार बंद होते. हेही लक्षात ठेवा की नोकरीवरून काढण्याची नोटीस कागदावर, सहीनिशी असावी लागते. नुसत्या ईमेलने किंवा मोबाइलवरच्या संदेशाने दिलेली नोटीस कायद्याने चालत नाही.

हे तीन काटे सांभाळले की मग कौशल्याचा विचार. कोलोन म्हणजे फक्त मोटारी नव्हेत. इथे विमा कंपन्या आहेत, दूरचित्रवाणी आणि माध्यमे आहेत, रेवे समूहाचे मुख्यालय आहे, विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे, पोर्झला अवकाश संशोधन केंद्र आहे, विमानतळावर मालवाहतूक आहे, शेजारी लेव्हरकुझेन आणि डोर्मागेनला रसायन उद्योग आहे. एकाच क्षेत्रात शंभर अर्ज पाठवण्याआधी आपले कौशल्य दुसऱ्या कोणत्या क्षेत्राला लागते, हे एकदा कोणाबरोबर तरी बसून पाहा.

भाषा हा उट्ठानाचाच भाग आहे. इंग्रजीवर चाललेली नोकरी गेली की पुढची बहुधा जर्मन मागते. शहराची 'फोल्क्सहोखशूले' वर्ग चालवते, आणि कामासाठी लागणाऱ्या जर्मनचे सरकारी अभ्यासक्रमही आहेत. नोंदणीच्या पहिल्या भेटीतच रोजगार कार्यालयात त्याबद्दल विचारा. नवे कौशल्य शिकायचे असेल तर 'बिल्डुंग्सगुटशाइन' हे शिक्षणाचे व्हाउचर पात्रतेनुसार मिळू शकते. अर्जाचा किंवा मुलाखतीच्या प्रवासाचा खर्चही मिळू शकतो, पण त्यासाठी खर्च करण्याआधी अर्ज द्यावा लागतो.

इथे बाबासाहेबांची आठवण होते. कोलोनहून बॉन रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर. त्या विद्यापीठात बाबासाहेबांनी १९२२ मध्ये नाव नोंदवले होते. त्यासाठी १९२१ मध्ये लंडनहून त्यांनी जर्मन भाषेत अर्ज केला आणि सोबत आपला जीवनपरिचयही जर्मनमध्ये लिहून जोडला. ज्या देशाच्या दारावर थाप मारायची त्याच्या भाषेत आपली ओळख लिहिणे, हा उद्योग त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केला. तुमचा जर्मन 'लेबेन्सलाउफ' अजून झाला नसेल तर तो लिहायला बसताना हे आठवा.

२. आरक्खसंपदा: कमावलेल्याचे रक्षण

नोकरीत तुम्ही फक्त पगार कमावत नाही. दर महिन्याला बेकारी विम्याचा हप्ताही भरता. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने तो भरला असेल तर 'आर्बाइट्सलोसेनगेल्ड' मिळते. साधारण हिशोब असा: आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के. तुम्ही स्वतः विमा भरला म्हणून हा भत्ता आहे, भीक नव्हे. तो घेतल्याने परवान्याला डाग लागतो ही समजूत चुकीची आहे. करातून दिल्या जाणाऱ्या मूलभूत मदतीची गोष्ट वेगळी आहे. तिचा परिणाम परवान्यावर होऊ शकतो, म्हणून तो अर्ज करण्याआधी सल्ला जरूर घ्या.

ही कल्पना याच शहराच्या ओळखीची आहे. हिवाळ्यात काम बंद पडणाऱ्या मजुरांसाठी कोलोनमध्ये १८९६ मध्येच विमा निधी सुरू झाला होता. सबंध देशासाठी बेकारी विम्याचा कायदा १९२७ मध्ये आला.

रक्षणाची दुसरी बाब म्हणजे सही. कंपनी कधी कधी 'आउफहेबुंग्सफेरट्राग' पुढे करते, म्हणजे परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा करार. सोबत काही रक्कम असते आणि "आजच सही करा" असा आग्रह असतो. तुम्ही स्वतः राजीनामा दिला किंवा सबळ कारणाशिवाय असा करार केला तर भत्ता बारा आठवडे रोखला जाऊ शकतो. म्हणून त्याच खोलीत, त्याच दिवशी सही करू नका. कागद घरी आणा, जाणकाराला दाखवा. विचार करायला वेळ मागणे हा उद्धटपणा नव्हे.

तिसरी बाब 'आर्बाइट्सत्सोयग्निस', म्हणजे कामाचे प्रशस्तिपत्र. ते मागणे तुमचा कायदेशीर हक्क आहे. या पत्रांची भाषा गोड असते आणि तिच्यात श्रेणी दडलेली असते. 'आमच्या समाधानाप्रमाणे काम केले' हे आपल्याला छान वाटते, पण 'नेहमी' आणि 'पूर्ण' हे शब्द नसतील तर जर्मन वाचक त्याला जेमतेम पास समजतो. पत्र हाती आल्यावर जर्मन सहकाऱ्याकडून किंवा सल्ला केंद्रातून वाचून घ्या आणि चूक असेल तर दुरुस्ती मागा.

ज्यांच्याकडे भारतातली पदवी आहे त्यांनी तिचेही रक्षण करावे. आपल्यातल्या कित्येक भगिनी पती किंवा पत्नीच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि एम. एस्सी., बी. एड., नर्सिंग अशा पदव्या कपाटात ठेवून बसल्या. कुटुंब म्हणून मिळालेल्या निवास परवान्यावर काम करण्याची मुभा असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपले विद्यापीठ आणि पदवी जर्मनीत कशी मोजली जाते ते 'अनाबिन' या सरकारी सूचीत पाहता येते. पदवीचे अधिकृत मूल्यमापन करून देणारे केंद्र बॉनलाच आहे. नर्स, डॉक्टर, शिक्षक अशा व्यवसायांना मात्र वेगळी मान्यता प्रक्रिया लागते, आणि तिला वेळ लागतो. घरातली एक नोकरी जाण्याची वाट न पाहता ती आजच सुरू करणे हेच आरक्ख.

आणि एक सावधगिरी. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा, पासपोर्ट 'जमा' करायला सांगणारा, मुलाखतीशिवाय करार पाठवणारा, यांच्यापासून दूर राहा. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

३. कल्याणमित्तता: कोणाकडे जावे

आता पाठाच्या मुख्य भागाकडे येऊ. आपल्या समाजाला 'ओळखीने नोकरी' या शब्दांचा कडवट अनुभव आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या, मुकादमाच्या हातात असे. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक भरी. जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला घेतच नसत, कारण तिथे धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावे लागे आणि त्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. ते स्वतः १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला, तर मालक अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले.

पण याच काळात त्यांनी काय केले तेही पाहा. लंडनला ओळख झालेले मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांना त्यांनी लिहिले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळवली. अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला जाताना मित्र नवल भथेना यांच्याकडून त्यांनी कर्ज घेतले. स्वाभिमानाचा धडा ज्यांनी आपल्याला दिला त्यांनी मदत मागितली होती. मदत मागणे आणि लाचार होणे यांत फरक आहे, हे त्यांच्या चरित्रातूनच शिकावे.

ओळखीवरची भरती मोडायचा दुसरा मार्ग म्हणजे सर्वांना खुले असे सरकारी कार्यालय. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्या काळात, १९४५ मध्ये, त्याच खात्याखाली भारतात रोजगार विनिमय केंद्रे उभी राहू लागली. सुरुवातीला ती युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी होती, १९४८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आपल्या वडिलांच्या पिढीने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड जपून ठेवले ते उगाच नव्हे. कोलोनच्या रोजगार कार्यालयाची पायरी चढताना संकोच वाटला तर ही परंपरा आठवा. तिथे आडनाव विचारून काम मिळत नाही.

तर कल्याणमित्र कोण कोण आहेत ते पाहू.

रोजगार कार्यालय: कोलोनचे कार्यालय ओसेनडॉर्फ भागात, जुन्या बुट्सवायलरहोफ विमानतळाच्या परिसरात आहे. तिथला सल्लागार तुमचा परीक्षक नाही. त्याला काय सांगायचे ते आधी कागदावर लिहून न्या: काय काम केले, काय शिकायचे आहे, कोणती अडचण आहे. जर्मन कच्चे असेल तर सोबत कोणाला तरी घेऊन जा.

स्थलांतरितांसाठीची सल्ला केंद्रे: कारितास, डियाकोनी, आर्बाइटरवोलफार्ट, रेड क्रॉस अशा संस्था सरकारी निधीतून मोफत सल्ला देतात. २७ वर्षांखालील तरुणांसाठी वेगळी केंद्रे आहेत. यांतल्या काही संस्था ख्रिस्ती आहेत, पण सल्ला घेणाऱ्याला धर्म विचारला जात नाही. सरकारी पत्र कळले नाही, कोणता अर्ज भरायचा ते समजले नाही, तर इथे जा.

कामगार संघटना: कोलोनचे संघटना भवन हान्स-ब्योकलर-प्लाट्झला आहे. 'ईगे मेटाल', 'व्हेर्डी' यांची वर्गणी साधारण पगाराच्या एक टक्का. कायदेशीर मदत सहसा काही महिने सदस्य राहिल्यावर मिळते, म्हणून सदस्य व्हायचे ते नोकरी चांगली चालली असताना. कंपनीत 'बेट्रीब्सराट', म्हणजे कामगारांनी निवडलेली समिती, असेल तर तिच्या सभासदांची ओळख आजच करून घ्या. ज्या बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला त्यांच्या अनुयायांनी संघटनेपासून दूर राहावे, हे शोभत नाही.

विद्यापीठ: इथे शिकलेल्यांना पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळू शकतो. त्या काळात विद्यापीठाच्या करिअर केंद्राचा पुरेपूर उपयोग करा. अर्ज तपासून देणे, मुलाखतीचा सराव घेणे हेच त्यांचे काम आहे.

भेदभाव झाला तर: जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे. वंश, धर्म, लिंग, वय अशा कारणांवरून नोकरी नाकारली असेल तर भरपाई मागता येते, पण साधारण दोन महिन्यांच्या आत लेखी मागावी लागते. जात हा शब्द त्या कायद्यात स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. म्हणून भारतीय वरिष्ठाने आडनावावरून किंवा गावावरून छळ केला असेल, तर तारीख, शब्द, साक्षीदार यांची नोंद ठेवा आणि लगेच भेदभावविरोधी सल्ला केंद्राकडे जा.

आणि शेवटी, माणसे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी खऱ्या आणि खोट्या मित्रांची लक्षणे सांगितली आहेत. खोट्यांमध्ये एक आहे वचीपरम, फक्त बोलणारा. मागे मी हे केले असते, पुढे ते करीन, असे तो म्हणतो आणि आत्ता गरज पडली की आपलीच अडचण सांगतो. "सीव्ही पाठवून दे, बघतो" म्हणून महिनोन्‌महिने उत्तर न देणारा तो हाच. खऱ्या मित्रांमध्ये उपकारक आहे, सुखदुःखात सारखा राहणारा आहे, हिताचे सांगणारा आहे, आणि अनुकंपा असणारा आहे. उपकारक मित्र काम पडल्यावर मागितल्याच्या दुप्पट देतो, असे तिथे म्हटले आहे. तुम्ही सीव्ही मागितला तर तो सीव्ही वाचून तीन चुका काढून देतो, ते दुप्पट.

मदत मागणाऱ्यानेही नेमके मागावे. "कुठे काही असेल तर सांगा" यावर कोणालाच काही सुचत नाही. "मी गुणवत्ता तपासणीत सहा वर्षे काम केले आहे, रसायन कंपन्यांत अशा कामासाठी कोणाशी बोलावे?" यावर उत्तर येते. आणि सम्मा वाचा सांभाळा. येत नसलेली भाषा 'बी-टू' म्हणून लिहू नका, ती मुलाखतीच्या दुसऱ्या वाक्यात कळते. मधला रिकामा काळ झाकू नका. "कंपनीने विभाग बंद केला, त्या काळात मी हे शिकलो", एवढे सरळ वाक्य पुरे.

४. समजीविता: तोल

मिळकत आणि खर्च यांबद्दल तथागतांनी तराजू धरणाऱ्याची उपमा दिली आहे. किती झुकले, किती वर गेले, हे त्याला बरोबर कळते. नोकरी गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात घरातल्या सर्वांनी एकत्र बसून तराजू धरावा: भाडे, विमा, अन्न, प्रवास, हप्ता. गावाकडे पाठवायची रक्कम कमी करावी लागली तर आईवडिलांना खरे सांगा. कर्ज काढून पूर्वीइतकेच पैसे पाठवत राहणे हा त्याग नव्हे. पाण्याला वाटा फुटून तळे आटते तशी संपत्ती चार वाटांनी जाते, आणि त्यांत दारू, जुगार आणि वाईट संगत आहेत, असेही या सुत्तात सांगितले आहे. रिकाम्या दिवसांत ऑनलाइन जुगाराचा आणि 'झटपट नफ्या'चा मोह मोठा असतो. इथे पंचशील हेच कुंपण.

तोलाचा आणखी एक प्रश्न आहे: कोणतीही नोकरी घ्यावी का? अंगुत्तर निकायातच शस्त्र, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे सांगितले आहे. आज अभियंत्याला शस्त्रनिर्मितीतून बोलावणे येऊ शकते. अशा वेळी काय करायचे हे पैसे संपत आल्यावर ठरवू नका. आत्ताच, डोके शांत असताना, घरात बोलून ठरवा. आणि कोणी अडचणीच्या काळात गोदामात किंवा हॉटेलात काम धरले असेल तर त्याला कमी लेखू नका. प्रामाणिक कष्ट हा सम्मा आजीवच आहे.

आपण एकमेकांसाठी काय करू शकतो

आपल्या विहारात, मासिक वंदनेनंतर, पंधरा मिनिटे राखून ठेवा. त्यात कोणी नोकरी शोधत असेल तर सांगावे, आणि बाकीच्यांनी त्याच वेळी एक ठोस गोष्ट कबूल करावी: कोणी कार्यालयात सोबत जाईल, कोणी पत्र वाचून देईल, कोणी मुलाखतीचा सराव घेईल, कोणी दोन तास मुले सांभाळेल. ज्याला सर्वांसमोर बोलायचे नसेल त्याच्यासाठी एक धम्मबंधू आणि एक धम्मभगिनी नेमून ठेवा. सांगितलेले तिथून बाहेर जाता कामा नये.

एक पथ्य मात्र पाळू. आपले मंडळ नवा जॉबर होऊ नये. मदत आपल्या जिल्ह्याच्या, आपल्या गटाच्या माणसापुरती राहिली तर गिरणीतले तेच पुन्हा आपण केले. पाकिस्तानी, सीरियन, तुर्की शेजारी त्याच रांगेत उभा असतो. त्यालाही तीन दिवसांची मुदत सांगा.

चिंतनासाठी प्रश्न

१. उद्या नोकरी गेली तर तुम्ही पहिला फोन कोणाला कराल? त्या माणसाला ते आज ठाऊक आहे का?

२. गेल्या वर्षभरात कोणी तुमच्याकडे मदत मागितली तेव्हा तुम्ही उपकारक होतात की वचीपरम?

३. घरातल्या कोणाची पदवी किंवा कौशल्य कपाटात पडून आहे? ते बाहेर काढायला पहिले पाऊल कोणते?

४. कोणत्या कामाला तुम्ही नाही म्हणाल, आणि का?

या आठवड्याचा सराव

एक पाकीट तयार करा. त्यात नोकरीचा करार, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, निवास परवान्याची प्रत, पदवीची प्रमाणपत्रे आणि अद्ययावत जर्मन जीवनपरिचय ठेवा. त्यावर तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहा: तीन दिवस, दोन आठवडे, तीन आठवडे. नोकरी सुरक्षित असली तरी हे करा. मग पाच मिनिटे शांत बसून, सध्या नोकरी शोधत असलेल्या एका माणसासाठी मैत्री भावना करा, आणि उठल्यावर त्याला फोन करा. मैत्री फोनपर्यंत पोहोचली पाहिजे.

सर्वांना सम्यक आजीविका लाभो, कोणीही एकटे न पडो, ही मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!